सावलीत वाळवायची सालं

आमच्या यांच्या चेहऱ्याला दोन वयं होती. डावीकडून बघितलं तर पन्नाशीतला गडी, उजवीकडून बघितलं तर सत्तरी ओलांडलेला म्हातारा. तेहतीस वर्षं लाल गाडी चालवली, त्याचा हा प्रसाद. ड्रायव्हरची खिडकी उजवीकडं. कन्नडचा घाट असो नाहीतर फर्दापूरचा रस्ता, ऊन बिनतिकिटाचं चढायचं आणि थेट यांच्या उजव्या गालावर जाऊन बसायचं. त्या गालाला खोल चिरा पडलेल्या, कानशिलावर काळपट डाग, आणि उजव्या हाताचं कातडं वाळल्या चिंचेच्या टरफलागत. डावी बाजू मात्र शेवटपर्यंत गुळगुळीत. मी जन्मभर डावीकडंच झोपले. बायका म्हणायच्या, तुमचे मालक अजून कसे तरणे दिसतात. मी म्हणायची, माझ्या जागेवरून बघा म्हणजे दिसतात.

पौषात ते गेले. सकाळी चहा झाला, पेपर उघडला आणि मान खाली गेली. मला वाटलं डुलकी लागली. मी कपबशी उचलली, विसळली, पालथी घातली आणि मग हाक मारली. त्या दिवसापासून मी रडलेले नाही. भेटायला आलेली माणसं माझ्या मुलाला बाजूला घेऊन सांगायची, "आई धीराची आहे हं तुझी." धीर कसला डोंबलाचा! दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो, मग ओठ आपला राहत नाही, कुणाचा तरी उसना आणून चिकटवल्यासारखा वाटतो. चिमटा काढला तरी कळत नाही. मला ती सुई अख्ख्या अंगाला बसली होती आणि उतरायचं नाव घेत नव्हती.

तर असल्या बधिरपणात मी एक उद्योग करून ठेवला. तो सांगायचा आहे.

आमची नात, म्हणजे मुलाची मुलगी, इथंच शहरात औषधशास्त्र शिकते. शेवटचं वर्ष. मुलगा आणि सून सकाळी नऊला नोकरीवर जातात. मग हे होते तोवर पुंडलिकनगरच्या आमच्या घरात आम्ही दोघं म्हातारे, ती आणि तिची पुस्तकं. शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं स्वतःचा एक प्रयोग करून त्यावर प्रबंध लिहायचा असतो. तिनं विषय घेतला तो आजोबांच्या गालामुळं. दिवाळी झाल्यावर एक दिवस मोबाइल घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिली.

"आजोबा, दोन फोटो काढायचेत. एक डावीकडून, एक उजवीकडून."

"काढ की. डावा लग्नाला लाव, उजवा पेन्शनीच्या कागदाला."

"सेमिनारला पहिला फोटो हाच लावणार मी. एकच माणूस, एकच वय, एकच खाणंपिणं. फरक फक्त उन्हाचा. याच्याइतका पुरावा कुठं मिळणार?"

"म्हंजे मी पुरावा व्हय!" हे खूश. निवृत्तीनंतर त्यांना कुणी इतकं महत्त्व दिलं नव्हतं.

मग तिनं आम्हा दोघांना समोर बसवून शिकवणी घेतली. उन्हात डोळ्यांना न दिसणारे किरण असतात, अतिनील. ते कातडीत शिरले की आतली वीण उसवत जाते. सुरकुत्या, डाग, कधी त्याहून वाईट काही. माणूस उठून सावलीत जातो. झाडाला उठता येत नाही.

"म्हणून झाड आपल्या सालीतच सावली करून ठेवतं, आजी. पानांत, सालींत, बियांत काही द्रव्यं साठवतं. त्यांना पॉलिफिनॉल म्हणतात. चहात असतात, द्राक्षाच्या बियांत असतात आणि डाळिंबाच्या सालीत तर भरपूर. साल जिभेला लागली की तोंड आवळतं ना? तेच ते."

त्या सालीचा अर्क काढायचा, त्याचं मलम करायचं, ते किती ऊन अडवतं आणि उन्हानं केलेली नासधूस किती थोपवतं ते बघायचं, असा तिचा बेत.

"मग हे लावलं की यांचा उजवा गाल डावा व्हईल का?" मी विचारलं.

"नाही. झालेलं परत फिरत नाही. पुढचं थोडं कमी होईल, तेही मला अजून प्रयोगशाळेच्या नळीत बघायचंय. आणि हे लावलं म्हणून स्कार्फ सोडायचा नाही, टोपी सोडायची नाही."

"मग कशाला एवढा खटाटोप?"

"थोडं कमी होणं म्हणजे काहीच नाही का, आजी?"

यावर हे म्हणाले, "तुझ्या आजीला उन्हातलं काही सांगू नको. ती त्यातली जुनी जाणकार आहे." आणि लागले हसायला.

ते हसणं लिंबावरून होतं. ती गोष्ट सांगून टाकते, म्हणजे माझी अक्कल किती जुनी आहे ते कळेल. एकोणीस वर्षांची होते, कन्नडला माहेरी. बघायला येणार म्हणून निरोप आला होता. मला सगळे गव्हाळ म्हणायचे, म्हणजे काळी म्हणायचा धीर कुणाला नव्हता. लिंबानं रंग उजळतो असं सगळ्याच पोरी म्हणायच्या. लावायच्या आणि धुऊन टाकायच्या. मी त्यांच्यापेक्षा शहाणी ना! मी विचार केला, धोतराला डाग पडला की आई त्यावर लिंबू चोळते आणि उन्हात टाकते, तेव्हा कुठं डाग जातो. म्हणजे खरं काम उन्हाचं. मग काय, दोन लिंबं तोंडाला चोपडून ही महाराणी भर दुपारी घराच्या धाब्यावर उताणी. चांगली तासभर. डोळे मिटून मनात म्हणतेय, आता उजळतेय, आता उजळतेय.

दुसऱ्या दिवशी आग आग. तिसऱ्या दिवशी फोड. पाहुणे आले त्या दिवशी दोन्ही गालांवर तपकिरी पट्टे, आणि रस जिथून जिथून गळ्याकडं ओघळला होता तिथं तिथं रेघा, दूध उतू गेलेल्या पातेल्यासारख्या. आईनं वरून पावडर थापली. पिठात पडलेल्या मांजरासारखी दिसत होते. यांनी माझ्याकडं एकदाच बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, "घाट लागतो का?" म्हणजे घाटात गाडीत मळमळतं का. मी नाही म्हणाले. झालं लग्न. पुढं कित्येक वर्षांनी बोलले, "मला वाटलं पोरीला मारून-मुटकून बसवलीय, रडून रडून चट्टे उठलेत. दया आली, हो म्हणालो."

नातीनं हे ऐकून कपाळाला हात लावला. लिंबाच्या रसात असं काही असतं की तो कातडीवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखं होतं म्हणे. "म्हणजे काही झाडं ऊन अडवतात आणि काही बोलावून आणतात. तुला बरोबर बोलावणारं सापडलं!"

पहिली सालं त्याच हिवाळ्यातली. हे रोज दुपारी एक डाळिंब खायचे. नात सालं बारीक चिरून त्यांच्या खुर्चीमागच्या फळीवर, कागदावर वाळवायची. मूठभरच होती, पण अर्क चांगला निघाला. त्यात एक रसायन घातलं की निळा रंग येतो. द्रव्यं जितकी जास्त, निळा तितका गडद. तिनं नळीचा फोटो आणून दाखवला. दौतीतली शाई जशी. हे म्हणाले, "माझ्या दातांची मेहनत आहे त्यात." पंधरा दिवसांनी ते गेले.

मूठभर सालांवर प्रबंध होत नाही. मलम करायला आणि पुन्हा पुन्हा मोजायला भरपूर सालं हवी, आणि तीही एकाच बागेतली, एकाच तोडणीची, बिनफवारणीची. कन्नडजवळ माझ्या भावाची डाळिंबाची बाग आहे. त्यानं हिच्यासाठी चार झाडांवर फवारा मारला नाही आणि होळी झाल्यावर शेवटच्या तोडणीची दोन क्रेट जीपमधून पाठवली. सोबत निरोप, की यापुढं बाग ताणावर. म्हणजे पाणी तोडायचं, झाडांना विसावा द्यायचा. आता फळ दिवाळीनंतरच. आणि नातीचा प्रबंध तर उन्हाळा संपायच्या आत द्यायचा. थोडक्यात, तिचं जे काही होतं ते त्या दोन क्रेटमध्ये होतं.

सोलायला शेजारच्या आपा आल्या. आमच्या आणि त्यांच्या गच्चीमध्ये फक्त कमरेएवढी भिंत. उर्दू शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या आणि दुप्पट फटकळ. मी त्यांना आपा म्हणते, त्या मला भाबी.

"क्या जमाना आया भाबी," सालं चिरता चिरता त्या म्हणाल्या, "दाने पड़े वैसेच, और छिलकों की इज्जत!"

"आपली बी व्हईल आपा. कातडं जरा सुकू द्या."

"और कितना सुखाना? मैं तो खारीक हो गई."

त्या हसल्या. मीही हसण्याचा आवाज काढला. कुठं हसायचं असतं ते मला माहीत होतं.

नातीला त्याच संध्याकाळी पुण्याला जायचं होतं, नऊ दिवसांच्या प्रशिक्षणाला. जाताना तिनं फ्रिजवर चिठ्ठी चिकटवली. सावलीत. पंख्याखाली. रोज हलवायची. उन्हात अजिबात नाही. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा. वर तोंडीही सांगितलं, "आजी, कडक ऊन लागलं की त्यातलं बरंचसं मरतं. उन्हापासून वाचवणारी गोष्ट आहे, पण आधी तिलाच उन्हापासून वाचवायचंय." मी म्हणाले, "बरं." त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होते.

आमच्यात घरातलं माणूस गेलं की वर्षभर वाळवण घालत नाहीत. कुरडया नाहीत, पापड नाहीत, सांडगे नाहीत. माहेरचे, शेजारचे आणून देतात, ते खायचं. पण आपल्या गच्चीवर काही पसरायचं नाही. हे मला ठाऊक होतं. कुणी सांगायची गरज नव्हती, उलट दुसऱ्यांच्या घरी असं झालं की सांगायला जाणारी मीच.

दोन दिवस सालं हॉलमध्ये पंख्याखाली होती. तिसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर टाकीतलं पाणी बघायला मी गच्चीवर गेले. आजूबाजूच्या सगळ्या गच्च्या पांढऱ्या. इकडं कुरडया, तिकडं साबुदाण्याच्या पापड्या. आमची तेवढी मोकळी, नुसतं सिमेंट. पंचेचाळीस उन्हाळ्यांत पहिल्यांदा. मी बघितलं आणि खाली आले. त्यापुढचं मला आठवतं ते हातापायांचं आठवतं, डोक्याचं नाही. हातांनी चादरीची चार टोकं धरली. पाय जिना चढले. बाज टाकली, तिच्यावर चादर, चादरीवर सालं. एकेक सुटी करून, एकीला दुसरी न चिकटवता, सांडगे घालतात तशी. मग डोक्यावर पदर ओढून, हातात काठी धरून कावळे राखायला बसले. डाळिंबाच्या सालीला कावळा तोंड लावत नाही, हेही ध्यानात आलं नाही.

भिंतीपलीकडून आपा ओरडल्या, "अच्छा किया भाबी, वर आलात ते! घर में बैठ बैठ के लोणचं झालं होतं तुमचं."

"व्हय," मी म्हणाले.

असे तीन दिवस. सकाळी पसरायची, संध्याकाळी गोळा करायची. तिसऱ्या संध्याकाळी सालं मुठीत घेतली की खुळखुळ वाजत होती. पिशवीत भरली. पाणी प्यायला फ्रिजकडं गेले आणि चिठ्ठी दिसली. ती रोज तिथंच होती, मी रोज तिच्यासमोरून जात होते. चष्मा लावला आणि पुन्हा वाचली. पोटात गोळा यायला पाहिजे होता. थोडा वेळ थांबले. नाही आला. पाणी प्याले.

मग मी काय केलं? सालं पिशवीतून काढून पुन्हा हॉलमध्ये पंख्याखाली पसरली. सून कामावरून आली, म्हणाली, "वाळली की हो आई लवकर." मी म्हणाले, "पंखा चांगलाय." नातवंडांची आजी झालेली बाई मी, चोरून चिंच खाणाऱ्या पोरीसारखी खोटं बोलले. त्या पोरीला निदान छाती धडधडल्याची मजा तरी मिळते. मला तीही नाही.

नात परत आली. साल हातात घेऊन उजेडाकडं धरली. "आजी, रंग असा का गं? आधीची पिवळसर होती. ही काळपट आहेत."

"फळ जास्त पिकलेलं व्हतं."

"हो का?" तिनं ऐकून घेतलं. फळफळावळीतलं आजीला कळतं यावर तिचा विश्वास. तिनं वहीत लिहून टाकलं, सावलीत, पंख्याखाली, नऊ दिवस.

मग तिचे अकरा दिवस सुरू झाले. सालं दळली, अर्क काढला, रसायन घातलं. निळा आला तो फिका, कपड्याला नीळ घालून उरलेल्या पाण्यासारखा. तिला वाटलं काहीतरी चुकलं. पुन्हा केलं. पुन्हा फिका. तराजू तपासला, नळ्या बदलल्या, मैत्रिणीला करायला लावलं. रोज संध्याकाळी घरी यायची ती चप्पल न काढताच सोफ्यावर बसायची. जेवताना आकडे पुटपुटायची. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, दोन वेळचं जुळत नसेल तर पहिल्या वेळचं खरं कशावरून? एक तर तसं लिही, नाहीतर विषय बदल आणि पुढच्या सत्रात बस.

मी हे सगळं ऐकत होते. शेजारी बसून शेंगा फोडत होते.

एका दुपारी भिंतीवरून आपांना सांगितलं. "आपा, ती सालं गच्चीवर घालायची नव्हती."

"मग घातली कायकू?"

"हातांना ठाऊक नव्हतं."

"हाथ को नहीं था, ठीक. मुँह को तो है ना? बोल दो बच्ची को."

"बोलते."

"कब? कयामत के दिन?"

त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं, मग एक वाटी पापड्या भिंतीवर ठेवल्या आणि गेल्या. मी त्या पापड्या बसून सगळ्या खाल्ल्या. चव लागली नाही, पण खाल्ल्या.

त्या संध्याकाळी नात माझ्याजवळ येऊन बसली. रडत नव्हती. रडणं उरकून आली होती, डोळ्यांवरून कळत होतं.

"उद्या सरांना लिहून देते," ती म्हणाली. "विषय सोडते म्हणून."

"का गं?"

"पहिलं माप माझंच चुकलेलं असणार. तेव्हा आजोबा होते, सगळे कौतुक करत होते. मला जे बघायचं होतं ते मी बघितलं असेल. असं होतं, आजी. माणूस नकळत स्वतःला फसवतं. मला या कामाचा हात नाहीये, बस."

हे मला नीट ऐकू आलं. सालं गेली तर सालं गेली. उन्हाळा गेला तर पुढच्या हिवाळ्यात पुन्हा डाळिंबं येतील. पण ही पोरगी आपल्या खऱ्या कामाला खोटं म्हणून सही करून द्यायला निघाली होती, आणि ते खरं आहे हे जगात फक्त मला आणि आपांना माहीत होतं. मी बघितलं, मला काही होतंय का. काहीच नाही. हिरडीला जीभ लावून बघावं आणि हिरडी तिथं नसावी, तसं.

सकाळी ती निघाली. तोंडाला क्रीम चोपडलं, स्कार्फ बांधला, हेल्मेट हातात घेतलं. मी दारात उभी राहिले.

"थांब जरा. सालं गच्चीवर होती."

"कुठली सालं?"

"तुझी. मी उन्हात घातली होती."

ती बघत राहिली. स्कार्फमधून फक्त डोळे. "किती वेळ?"

"तीन दिवस. नऊ ते पाच."

"नऊ ते पाच," ती म्हणाली, जसं काही बँकेची वेळ सांगितली. मग तिनं हेल्मेट खाली ठेवलं, स्कार्फ ओढून काढला आणि ओरडली, "अकरा दिवस, आजी! अकरा दिवस मी स्वतःला बिनडोक समजतेय, आणि तू माझ्या बाजूला बसून शेंगा फोडतेयस! चिठ्ठी लावली होती मी! खाली दोन रेघा मारल्या होत्या!"

"व्हय. दिसल्या नंतर."

"का घातलीस?"

"सवय. चैत्रात हात गच्चीकडंच जातात."

"ते मला कळलं. सांगितलं का नाहीस? रंग विचारला तर फळ पिकलेलं म्हणालीस! तेव्हा का नाही सांगितलंस?"

जे होतं ते बोलले. "मी वाट बघत होते. लाज वाटली की सांगीन म्हटलं. ती येईना. आज यील, उद्या यील. शेवटी म्हटलं, तिच्यावाचूनच सांगावं."

ते गेल्यापासून या घरात माझ्याशी सगळे हळू आवाजात बोलत होते, झोपलेल्या लेकराच्या खोलीत बोलतात तसं. ओरडलेलं हे पहिलंच. मला बरं वाटलं असं म्हणणार नाही, तेवढी चांगली मी नाही. पण कान गरम झाले. दोन्ही. चांगलं काही वेळ राहिले गरम.

"चल," ती म्हणाली.

"कुठं?"

"सरांकडं. तू सांगायचंस. मी सांगितलं तर वाटेल कारणं देतेय."

साडी बदलू दे म्हटलं, तर तेवढं ऐकलं तिनं. स्कूटरवर मागं बसले. कॉलेजच्या त्या खोलीत स्पिरिटसारखा वास, बाटल्या, आणि सर म्हणजे आमच्या मुलापेक्षा लहान. घाईनं उठून स्टूल पुसून दिलं. "बसा आजी."

मी उभ्या उभ्याच सांगितलं. सर ऐकत होते, एकदम गंभीर. मग त्यांनी वही ओढली आणि प्रश्न विचारायला लागले. बाज लाकडाची की लोखंडी? चादर सुती? थर किती जाड? दुपारी झाकत होतात का? मी सगळं सांगितलं. असलं मला सांगता येतं, जन्म गेला त्यात.

"गच्चीवर सावली कुठं येत होती का? म्हणजे काही सालं सावलीत राहिली असतील का?" त्यांच्या आवाजात जरा आशा होती. नातही पुढं झुकली.

"टाकीची सावली यायची साडेतीनला."

"मग तेवढी तरी..."

"सावली आली की मी चादर ओढून पुढं घ्यायची. उन्हात."

सर खाली बघून हसले. नात हसली नाही.

शेवटी त्यांनी सांगितलं ते असं. पहिलं माप खोटं ठरत नाही. दुसरंही खोटं नाही, फक्त ते सावलीतल्या सालांचं नाही, उन्हातल्या सालांचं आहे, आणि तसंच लिहायचं. विषय सोडायचं कारण नाही. पण मलम होणार नाही. ही सालं त्याच्या कामाची नाहीत आणि दुसरी आता मिळणार नाहीत. प्रबंध दोन नळ्यांच्या फरकावर द्यायचा, लहानसा.

"चालेल," नात म्हणाली. वही तिच्यासमोर उघडी होती. मलमाची पानं तिनं आधीच आखून ठेवलेली होती, रकाने पाडून, वर लाल शाईनं शीर्षक घालून. ती पानं तिनं एकामागून एक उलटली आणि मागं जाऊन तो जुना मजकूर काढला. सावलीत, पंख्याखाली, नऊ दिवस. वही माझ्याकडं सरकवली.

"तू लिही. ज्यानं वाळवली त्यानं लिहायचं."

मी पेन घेऊन खोडायला लागले तर तिनं हात धरला. "खाडाखोड नाही करायची. एकच रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे."

"चुकीचं वाचून काय करायचंय?"

"काय चुकलं होतं ते दिसलं पाहिजे. नियम आहे, आजी."

मी एक रेघ मारली. वर लिहिलं, उन्हात, बाजेवर, तीन दिवस, नऊ ते पाच. सही केली. तिनं तारखेची जागा दाखवली, तारीख घातली. सरांनी खाली त्यांची सही केली.

परत निघालो. मी मागं बसून तिच्या खांद्याला धरलं होतं. माझा हात तिनं झटकला नाही, एवढंच. ऊन चांगलंच तापलं होतं, माझा उघडा हात भाजत असणार, पण मला तो तिथं असल्याचं फक्त दिसत होतं. सिग्नलला गाडी थांबली. मान न वळवता तिनं विचारलं, "आजी, खरंच सावली आली की ओढून घेत होतीस?"

"व्हय. तिन्ही दिवस."

तिचे खांदे हलायला लागले. हसत होती की काय, मागून मला कळलं नाही. सिग्नल सुटला आणि आम्ही निघालो.